स्पिंड्रिफ्ट: चमच्याचा काही संबंध नाही

इंग्रजीत बोटींच्या, वादळांच्या गोष्टी वाचताना स्पिंड्रिफ्ट हा शब्द कधी ना कधी आडवा येतोच, आणि आपण 'काहीतरी पाणीबिणी उडत असेल' असं म्हणून पान उलटतो. तसं ते चूक नाही, पण अर्धंच आहे. लाट खडकावर आपटली की जे शिंतोडे उडतात ते स्पिंड्रिफ्ट नाही. भर समुद्रात वारा लाटेचा माथाच ओरबाडून काढतो आणि ते पाणी धुरासारखं आडवं पळवत नेतो, ते स्पिंड्रिफ्ट. म्हणजे वाचताना आधी एकच बघायचं, पाणी उडवलंय कोणी? वाऱ्याने उडवलं असेल तरच हा शब्द.

वारा किती, हेही या शब्दावरून कळतं. ब्यूफोर्ट स्केल म्हणून वाऱ्याची एक मोजपट्टी आहे, फ्रान्सिस ब्यूफोर्टने 1805 मध्ये केलेली, त्यात तो जहाजाच्या शिडांवरून वारा ठरवायचा, समुद्र कसा दिसतो ती वर्णनं नंतर जोडली गेली. त्यात 7 नंबरला फेसाचे पांढरे पट्टे वाऱ्याच्या दिशेने ओढले जायला लागतात, आणि 8 नंबरला, म्हणजे 34 ते 40 नॉट, ताशी साधारण 62 ते 74 किलोमीटर, लाटांच्या माथ्याच्या कडा फुटून त्यांचं स्पिंड्रिफ्ट व्हायला लागतं. तेव्हा गोष्टीत हा शब्द दिसला की समजायचं, डेकवर उभं राहणं अवघड झालंय.

आता शब्द फोडायचा. इथे बहुतेक जण फसतात, मीपण फसलो होतो. स्पिन म्हणजे गरगर फिरणं, म्हणून मी बरीच वर्षं मनात भोवरा धरून बसलो होतो. जुनं रूप बघायची सवय लावून घ्या, ते आहे स्पूनड्रिफ्ट. मग वाटतं चमचा! तोही नाही. चमचावाला स्पून मुळात लाकडाच्या ढलपीवरून आलाय, हा वेगळा. खलाशांच्या जुन्या बोलीत स्पून हे क्रियापद होतं, वारा पाठीवर घेऊन जहाज सुसाट पळणं, त्याचंच स्पूम असंही रूप सापडतं.

मग स्पूनचं स्पिन कसं झालं? याचं खापर स्कॉटलंडच्या उच्चारावर फोडतात आणि मला ते पटतं, कारण तिथल्या ईशान्य भागात मूनला मीन आणि स्पूनला स्पीन म्हणतात, आणि स्पीनचं स्पिन व्हायला कितीसा वेळ लागतो, त्यात स्पिन हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून तेच रूप टिकलं असावं.

ड्रिफ्ट सोपा आहे. गिव्हवरून गिफ्ट, थ्राइव्हवरून थ्रिफ्ट, तसा ड्राइव्हवरून ड्रिफ्ट, म्हणजे जे हाकलत नेलंय ते. मग दोन्ही तुकड्यांत वारा आहे, आणि पाण्याचा तर कुठे उल्लेखच नाही, मजा आहे की नाही!

मराठीत आणायचं तर नुसतं 'फेस' लिहू नका, फेस पाण्यावर बसून राहतो. 'तुषार' फारच गोड, बागेतलं कारंजं डोळ्यापुढे येतं. संस्कृतातला 'शीकर' अर्थाने जवळचा आहे पण आज किती जणांना कळणार? मी सरळ 'वाऱ्याने उडवलेलं लाटांचं पाणी' असं लिहितो, लांबतं खरं, पण वारा सुटत नाही. आणि हो, गोष्ट गिर्यारोहणाची असेल तर तिथे समुद्र शोधू नका, कड्यावरून वाऱ्याबरोबर वाहत येणाऱ्या भुसभुशीत बर्फालाही गिर्यारोहक स्पिंड्रिफ्टच म्हणतात.