नागपूरच्या उन्हात टिकणारा डॅशकॅम
आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, बंद गाडीच्या काचेमागे तर त्याहून कितीतरी वर. म्हणून डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेवर लावून रस्ता टिपणारा कॅमेरा, घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मेगापिक्सेल विचारतं तेव्हा मी आधी पाहतो, आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग). बॅटरी उन्हानं फुगते, सुपरकपॅसिटरवालाच घ्या. नंबरप्लेट वाचायची तर १४४०पी स्पष्टतेचा कॅमेरा बरा, पण रात्रीसाठी सेन्सरही चांगला हवा. मेमरी कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’च, म्हणजे सततचं रेकॉर्डिंग सोसणारं घ्या, त्यावर सतत जुनं पुसून नवं लिहिलं जातं. साधं कार्ड नेमकं अपघाताच्या वेळी दगा देऊ शकतं. कॅमेरा आरशामागे, वायपर फिरतो तिथंच लावा. पार्किंग मोडसाठी, म्हणजे गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग हवं तर, कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडणारं आणि बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास आली की वीज तोडणारं हार्डवायर किट बसवून घ्या, नाहीतर सकाळी गाडीची बॅटरी उतरलेली.