तपासी अंमलदार घडवताना: पंचनाम्यापासून उलटतपासणीपर्यंत

खुनासारख्या गुन्ह्याचा तपास व्याख्यानं ऐकून येत नाही. एका खोलीत बनावट घटनास्थळ उभं करा, प्रशिक्षणार्थींचे चौघाचौघांचे गट पाडा आणि एकच गुन्हा प्रत्येक गटाकडून पहिल्या खबरीपासून उलटतपासणीपर्यंत चालवून घ्या. रक्ताने ओला शर्ट (खाटकाकडचं रक्त चालतं), चालू मोबाइल, उष्टा कप आणि समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही, एवढं साहित्य पुरे.

पहिला तास काहीही न उचलण्याचा. आधी दारातून फोटो, मग चारही कोपऱ्यांतून, मग वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवून जवळून. कच्च्या नकाशात प्रत्येक वस्तूचं अंतर दोन पक्क्या खुणांपासून मोजायला लावा. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं असतं; तो येईपर्यंत जागा राखणं हेच काम. जप्तीचं चित्रीकरण त्याच संहितेच्या कलम १०५ नुसार सक्तीचं आहे. बहुतेक जण वस्तू उचलल्यावर कॅमेरा सुरू करतात आणि पंचांच्या सह्यांआधी बंद करतात. आत शिरल्यापासून यादीवरच्या शेवटच्या सहीपर्यंत तो चालू राहिला पाहिजे.

ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत भरणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. दमटपणात जिवाणू आणि बुरशी वाढून डीएनए खराब होतो. कपडा सावलीत वाळवा, कागदी पाकिटात ठेवा, प्रत्येक वस्तूला वेगळं पाकीट, प्रत्येक वस्तूनंतर हातमोजे नवे. मुद्देमाल रजिस्टरमधली नोंद आणि प्रयोगशाळेला पाठवल्याची तारीख यांत अंतर असेल, तर मधल्या काळात मुद्देमाल खोलीची किल्ली कोणाकडे होती याचं उत्तर कागदावर हवं.

मोबाइल चालू असेल तर चालूच ठेवा, फ्लाइट मोडवर टाका, आत डोकावू नका. बंद असेल तर बंदच राहू द्या. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्रावरचं) घड्याळ खऱ्या वेळेशी ताडून फरक पंचनाम्यात लिहायचा. डीव्हीआर १७ मिनिटं पुढे असेल आणि ते नोंदवलं नसेल, तर फुटेज आणि सीडीआर (मोबाइल कंपनीकडची कॉलची नोंद) एकमेकांना खोटं पाडतात. मूळ उपकरण कोर्टात येणार नसेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र, भाग अ आणि ब, हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा) लागतं. जालन्याच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या साक्ष्य कायद्यातल्या कलम ६५ब च्या प्रमाणपत्राबद्दल हेच बजावलं.

निवेदन पंचनाम्यावर (आरोपी वस्तूची जागा सांगतो, ते पंचांसमोर नोंदवणं) मात्र पूर्ण दिवस द्या, कारण खटले इथे ढासळतात. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकानुसार आरोपीच्या निवेदनातला वस्तू सापडण्याशी थेट जोडलेला तेवढाच भाग टिकतो. ‘चाकू विहिरीजवळच्या दगडाखाली ठेवलाय, दाखवतो’ हे टिकेल, ‘मी मारलं’ हे गळेल. पंच आरोपी बोलण्याआधी हजर हवेत आणि शब्द आरोपीचेच, त्याच्या बोलीत. जागा पोलिसांना आधीच माहीत होती असं दिसलं, तर त्या शोधाला अर्थ उरत नाही.

भिंतीवर कॅलेंडर लावून ६० आणि ९० दिवसांच्या मुदती ठळक करा. दोषारोपपत्र वेळेत गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. शेवटी फौजदारी वकिली करणाऱ्याला बोलवा आणि गटातल्या प्रत्येकाची केस डायरी व पंचनाम्यावरून अर्धा तास उलटतपासणी होऊ द्या. कुठे अडखळले ते त्यांच्याच हाताने लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी तीच खोली त्यांना पुन्हा द्या.