माशांच्या टँकमध्ये श्रिंप टिकवायचे कसे

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा, मासा शांत स्वभावाचा आहे का हे नंतर बघा, त्याचं तोंड केवढं ते आधी बघा. तोंडात मावलं की गिळलं, साधा हिशोब आहे. एंजलफिश, सिक्लिड, मोठे गोरामी यांच्याबरोबर चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी) ठेवणं म्हणजे महागडं फिश फूड टाकणं. बेटा म्हणजे फायटर माशाचं काही सांगता येत नाही, एखादा ढुंकूनही बघत नाही आणि एखादा चुन चुनके मारतो. एम्बर टेट्रा, चिली रासबोरा, पिग्मी कोरी हे चालतात, पण श्रिंपची पिल्लं यांनाही गोडच लागतात. खरंच निर्धास्त राहता येईल असा म्हणजे ओटो, शेवाळ खाणारा छोटा कॅटफिश, तो पिल्लांच्याही वाटेला जात नाही.

म्हणून श्रिंपच्या आधी मॉस, म्हणजे पाण्यात वाढणारी शेवाळासारखी वनस्पती, आणा. जावा मॉसचा चांगला दाट गुच्छा, ज्यात मासा तोंड घालू शकणार नाही असा. जमलं तर टँकमध्ये श्रिंप आधी सोडा, महिनाभर रुळू द्या, पिल्लं दिसली की मग मासे. मी उलटं केलं होतं. दहा चेरी आणले, माशांमध्ये सोडले, चार दिवसांत एकही दिसेना, म्हटलं गेले पैसे पाण्यात. मग फिल्टर धुवायला उघडला तर आत तीन-चार जण मजेत चरत बसलेले! ते वाचले पण पिल्लं पंख्यात सापडली तर चुरा होतो, त्यामुळे फिल्टरच्या इनलेटवर, म्हणजे पाणी आत ओढणाऱ्या तोंडावर, स्पंज बसवाच, किंवा सरळ स्पंज फिल्टर वापरा.

आता पाणी. नवीन टँकमध्ये श्रिंप टाकू नका, सायकल पूर्ण झालेली हवी, म्हणजे घाणीतून होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट संपवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये वाढलेले हवेत, दोन्ही शून्य. टँक जितका जुना तितकं बरं, कारण काचेवर, पानांवर जो बारीक थर जमतो ना तोच यांचं मुख्य जेवण. चेरीला तापमान २० ते २६ डिग्री, पीएच ६.५ ते ८, जीएच (पाण्याचा कडकपणा) साधारण ६ ते ८ असलं की झालं. जीएच फार कमी असेल तर कात टाकताना अडकून मरतात. आणि हो, तळाला पारदर्शक आख्खा श्रिंप पडलेला दिसला तर घाबरू नका, ती बहुतेक कातच असते, काढू नका, तेच खातात त्यातलं कॅल्शियम. कात टाकल्यावर एक-दोन दिवस अंग मऊ असतं, तेव्हाच मासे चोची मारतात, मॉस हवं ते याचसाठी.

आणल्यावर पिशवी ओतून मोकळे होऊ नका. श्रिंप पिशवीच्या पाण्यासकट भांड्यात काढा, एअर ट्यूबला गाठ मारून त्यात टँकचं पाणी थेंब थेंब सोडा, दीड-दोन तास, कंटाळा आला तरी. पाणी बदलतानाही एकदम अर्धं बदलू नका, आठवड्याला १० ते २० टक्के बास, क्लोरीन काढूनच.

श्रिंप हमखास मरतात ते औषधाने. माशांना पांढरे ठिपके आले की आपण बाटली उचलतो आणि ओततो, त्यात कॉपर असेल तर मासे वाचतील, श्रिंप सगळे जातील. लेबल वाचा, नाहीतर आजारी मासे वेगळ्या टँकमध्ये काढून औषध द्या. दुकानातून आणलेल्या झाडांवर कीटकनाशक असू शकतं, चार-पाच दिवस वेगळ्या बादलीत ठेवून रोज पाणी बदला आणि मगच लावा.

खाणं लाइट बंद झाल्यावर टाका, नाहीतर मासेच फस्त करतात. थोडंच, उरलं तर सकाळी काढा.

मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस दिसला की साधारण तीन-चार आठवड्यांत पिल्लं, ती अगदी मोठ्या श्रिंपसारखीच पण मिलिमीटरभर. हे चेरीचं. अमानो (श्रिंपचीच दुसरी जात) घेतले असतील तर पिल्लांची वाट बघू नका, अंडी दिसतील पण त्यांच्या अळ्यांना खारट पाणी लागतं, आपल्या गोड्या टँकमध्ये त्या जगत नाहीत. पण अमानो आकाराने मोठे, ५ सेंटीमीटरपर्यंत होतात, त्यामुळे मासे जरा मोठे असतील तर चेरीपेक्षा तेच घ्या.