फ्रेमचा माल महागण्याआधी: दुकानदाराने करावयाची तयारी

नवरात्रात सप्तशृंगीच्या तसबिरींपासून सुरू होणारी कामांची गर्दी नाशिकमध्ये दिवाळीपर्यंत ओसरत नाही, आणि घाऊक व्यापाऱ्याचे वाढीव दर त्याच सुमारास हाती पडले तर शांतपणे हिशेब मांडायला उसंत मिळत नाही. म्हणून लहान दुकानदाराने पुढील तयारी श्रावणातच उरकून घ्यावी.

सर्वांत आधी प्रत्येक मापाच्या फ्रेमला माल खरोखर किती लागतो, हे टेप हातात घेऊन तपासावे. बारा बाय अठरा इंचांच्या चित्राचा घेर ६० इंच भरतो, त्यामुळे पाच फूट पट्टी पुरते असे सहज धरले जाते; परंतु पट्टी दीड इंच रुंद असेल, तर कोपऱ्यांवरच्या ४५ अंशांच्या कापांसाठी रुंदीच्या आठपट, म्हणजे आणखी १२ इंच जातात आणि प्रत्यक्षात सहा फूट पट्टी खर्ची पडते. चारही बाजूंनी दोन इंचांचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड कागदाची किनार, घातला, की चित्र तेच राहूनही माप सोळा बाय बावीसवर जाते, पट्टी सव्वासात फुटांच्या पुढे लागते आणि काच दीड चौरस फुटांवरून जवळपास अडीचवर पोहोचते. माउंटचे पैसे तेवढे वेगळे घेऊन बाकीची आकारणी चित्राच्याच मापाने करणाऱ्या दुकानाचे नुकसान दरवाढीच्या आधीपासूनच चालू असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर जुना आणि नवा दर शेजारी मांडावा. समजा, एका फ्रेमला ४०० रुपयांचा माल लागतो आणि ती ६०० रुपयांना विकली जाते. माल १५ टक्क्यांनी महागला तर खर्च ४६० होतो. विक्रीचा दर तोच ठेवल्यास हाती उरणारे २०० रुपये १४० वर येतात, म्हणजे घट ३० टक्क्यांची असते, आणि कारागिराची मजुरी व दुकानाचे भाडे त्यातूनच द्यायचे असते. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या, लहान दुकानदाराला खरेदीवरील कराचे क्रेडिट (वजावट) मिळत नसल्यामुळे त्याने मालाची किंमत करासकटच धरावी.

उरलेल्या तुकड्यांचा हिशेब बहुधा कोणी ठेवत नाही, तो ठेवावा. साडेनऊ फुटांच्या पट्टीतून सहा फूट कापल्यावर राहिलेल्या साडेतीन फुटांत पाच बाय सातच्या फोटोची दीड इंची फ्रेम बसते, कारण तिला नेमकी तीन फूट पट्टी लागते. तुकड्याच्या मागे खडूने लांबी लिहून तो रंगानुसार उभा लावला, तर ऐन वेळी नवी पट्टी कापावी लागत नाही.

भाव वाढणार म्हणून पावसाळ्यात दुकान भरून ठेवू नये. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, ओल धरून फुगतो, माउंटवर बुरशीचे ठिपके येतात, आणि सराफ बाजारासारख्या भागात तर ऑगस्ट २०१९ प्रमाणे गोदावरीचे पाणीच आत येऊ शकते. हमखास खपणाऱ्या मोजक्या पट्ट्यांचाच जादा साठा करावा आणि तोही उंचावर ठेवावा.

नवा दर कोणत्या तारखेपासून लागू होईल, हे दर्शनी भागात लावावे. आधी घेतलेली ऑर्डर मात्र ठरलेल्या दरानेच पूर्ण करावी. नेहमीच्या ग्राहकाला खर्च जड वाटत असेल, तर त्याच्यासमोर अरुंद पट्टीचा नमुना ठेवावा, पण त्याला न सांगता मागचा बोर्ड किंवा काच हलकी वापरू नये, कारण तसबीर वर्षानुवर्षे भिंतीवर राहणार असते.

शाळा व कार्यालयांच्या एकगठ्ठा कामांसाठी दिलेल्या कोटेशनवर दराची मुदत लिहावी, आणि काम पक्के होताच आगाऊ रक्कम घेऊन त्या कामाची सगळी पट्टी एकाच खेपेत उचलावी. पुढच्या खेपेत दराबरोबर रंगाची छटाही बदललेली असू शकते.