मालवणला गेल्यावर भिंती रंगवणाऱ्या चित्रकाराला कसे भेटावे

सोलापूरहून सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आणि पुढे गगनबावड्याचा घाट उतरून आपल्याकडची मंडळी मालवणला जातात, सिंधुदुर्ग किल्ला पाहतात, मासे खातात आणि परत येतात. तिथल्या शाळांच्या, दुकानांच्या भिंतींवर होड्या, कासवे आणि दशावतारातली पात्रे रंगवणारा माणूस मात्र भेटायचा राहून जातो. त्याला भेटायला ओळखपाळख लागत नाही, पण काही गोष्टी आधी ठाऊक असाव्या लागतात.

पहिली गोष्ट हंगामाची. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापुरात त्याच्या चौथ्या हिश्शाइतकाही पडत नाही. पावसाळ्यात तिथे बाहेरच्या भिंतीला ब्रश लागत नाही आणि पाऊस थांबल्यावरही भिंत आतून सुकायला वेळ द्यावा लागतो, म्हणून दिवाळीनंतर जावे. समुद्राकडे तोंड असलेली पश्चिमेची भिंत सकाळी सावलीत असते. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि पट्टे उमटतात, त्यामुळे अशा भिंतीवरचे काम सकाळीच पाहायला मिळते.

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पुष्कळदा रंगवणाऱ्याचे नाव आणि मोबाइल नंबर असतो. तो नसेल, तर बाजारातल्या रंगाच्या दुकानात सकाळी चौकशी करावी. गावातला कोणता पेंटर आज कुठल्या भिंतीवर आहे, हे दुकानदाराइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच माहीत असते.

भेटल्यावर घाई करू नये. पहिल्या खेपेस मी परांचीवर उभ्या असलेल्या पेंटरकाकांना खालूनच हाक मारून फोटोसाठी वळायला सांगितले आणि त्यांच्या हातातली रेघ तुटली. ते रागावले नाहीत, पण पुढचा तासभर माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. तेव्हापासून माणूस रंग कालवायला खाली उतरेपर्यंत मी थांबतो. ‘नुसता पेंटर’ हा शब्दही मनात आणू नये. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या म. फि. हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवले होते.

बोलण्याची सुरुवात चित्रापेक्षा भिंतीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. “काका, या भिंतीला लोणा धरत नाही का?” एवढे विचारल्यावर त्याच काकांनी लोखंडी पत्तीने कोपरा खरवडला, निघालेली पांढरी भुकटी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, “ह्यो खार भायर काढल्याबिगर रंग टिकाचो नाय.” मग शेवाळ घासून काढणे, भिंत धुऊन सुकवणे, प्रायमरचा हात आणि त्यानंतर बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग, हा सगळा क्रम त्यांनी आपणहून सांगितला.

सोलापूरकराजवळ बोलायला आणखी एक विषय असतो. लहान कागदावरचे चित्र मोठ्या भिंतीवर नेताना कागदावर आणि भिंतीवर सारख्याच संख्येच्या चौकड्या आखतात आणि एकेक चौकडी पाहून रेघा उतरवतात. आपल्या जॅकार्ड चादरीची नक्षीही आधी चौकड्यांच्या कागदावरच मांडतात आणि तिच्यावरून मागावर लावायच्या कार्डांना भोके पाडतात. हे सांगून मी पिशवीतली चादर उलगडली, तेव्हा काकांनी हात पुसले आणि फुलाच्या कडेने उतरणाऱ्या बारीक पायऱ्या बोटाने मोजायला सुरुवात केली. म्हणून जाताना एखादी चादर आणि शेंगाचटणीचा पुडा सोबत ठेवावा.

फोटो परवानगीनेच काढावा आणि कुठे टाकलाच, तर विचारून चित्रकाराचे नाव द्यावे. त्याच्याकडून चित्र काढून घ्यायचे असेल, तर दर चौरस फुटावर आहे का, रंग कोणी आणायचा आणि परांचीचा खर्च कोणाकडे, हे तीन प्रश्न आधीच मिटवावेत. मन राखायला म्हणून घासाघीस अर्धवट सोडून नंतर कुरबूर करण्यापेक्षा हे बरे.

पावसाळा सरला की एक फोन करून भिंतीची खबर घ्यावी. काकांनी मला सांगितले की होडी शाबूत आहे, पण जमिनीलगतच्या कासवाचे पाय सुटले आहेत आणि दिवाळीनंतर ते पुन्हा खरवडायला घेणार आहेत.