सायकलच्या ब्रेकची डिस्क पुसायला बसण्याआधी काय काय जवळ पाहिजे

दसऱ्याला पूजेला लावायची म्हणून भाच्यानं माझी सायकल धुतली, पुसली आणि शेवटी खोबरेल तेलाचा बोळा मागच्या डिस्कवरनं (चाकाच्या मधली चकती, ब्रेकचे पॅड तिलाच दाबून धरतात) पण फिरवला, "मामा, बघा कशी चमकायली!" एवढ्या हौसेनं केलंय तर त्याला काय बोलणार. दुसऱ्या दिवशी औसा रोडला ब्रेक दाबला तर सायकल थांबायचं राहिलं बाजूला, अशी किंचाळली की कडेची म्हैस बिचकली.

तर एक सांगतो, चाक काढायच्या आधी सगळं सामान समोर मांडून घ्या. मी आधी चाक काढलं, मग कपडा शोधत घरभर फिरलो, चेनचं काळं लागलेल्या हातानं कपाट उघडलं आणि तोच हात परत डिस्कला, झालं, पुन्हा पहिल्यापासनं.

आयसोप्रोपिल अल्कोहोल पाहिजे, 99 टक्केवालं. मोबाईल रिपेअरवाले बोर्ड पुसायला हेच वापरतात, कुठनं आणता म्हणून त्यांनाच विचारा. सॅनिटायझरनं भागवू नका, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतंय, आणि रॉकेल-डिझेलचं तर नावच काढू नका, मागं तेलकट थर राहतोय. अल्कोहोल चटकन पेट घेतं म्हणून गॅसपासनं लांब, खिडकी उघडी ठेवून बसा. सुती कपड्याचे पाच-सहा तुकडे, जुनं बनियन चालतंय, पण चेन पुसायचा कपडा त्यात मिसळू देऊ नका. मेडिकलमधनं नायट्रिलचे हातमोजे, कारण बोटाचा तेलकटपणा पण डिस्कला लागतोय.

तेल जास्त असलं तर नुसत्या अल्कोहोलनं ते पसरतंय, म्हणून आधी भांड्याचा साबण आणि अर्धी बादली पाणी. अर्धीच. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेल्या लातूरकराला नळ सोडून ठेवणं जमत नाही. डिस्क पूर्ण वाळली की मग अल्कोहोल, दर वेळी कपड्याची कोरी बाजू, भोकांच्या कडा पण, कपड्यावर काळं उमटायचं थांबेपर्यंत. चाक फिरवत पुसू नका, कडेनं बोट कापतंय.

हायड्रॉलिक ब्रेक (तारेऐवजी नळीतल्या द्रवाच्या दाबावर चालणारा) असला तर पुठ्ठ्याचा दुमडलेला तुकडा पण घ्या, चाक निघालं की दोन्ही पॅडच्या मधी तो घालायचा, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येऊन बसतात. डिस्कच उतरवायची असली आणि ती सहा स्क्रूची असली तर बहुतेक ठिकाणी टी-25 टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा पाना) लागतो, पण पुसायला उतरवायची काही गरज नाही.

खरी डोकेदुखी पॅडची. डिस्क स्टीलची, पुसली की झाली, पण रेझिनचे पॅड तेल पिऊन बसतात. 120 नंबरचा पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून पॅड हलक्या हातानं घासून बघा, वरची चकाकी गेली पाहिजे. काही जण पॅड गॅसवर भाजतात, मला ते पटत नाही, रेझिन जळतंय आणि घरभर धूर. त्यापेक्षा नवी जोडी आधीच आणून ठेवा, जुने पॅड त्या डिस्कला लागले की केलेलं सगळं पाण्यात.

शेवटी नवे पॅड डिस्कवर नीट बसवायला मोकळा सपाट रस्ता, उतार नको, कारण सुरुवातीला ब्रेक कमीच लागतोय. वेग घ्यायचा, चाक जाम न करता चालायच्या स्पीडपर्यंत आणायचं, वीसेक वेळा. माझा दहाव्या-बाराव्या वेळेला आवाज गेला. आता भाच्याला हळद-कुंकू हँडललाच लावायचं सांगितलंय.