पेपर, फोम की कॉटन: दुचाकीचा एअर फिल्टर निवडताना

दिवाळी झाली की बार्शीकडच्या काळ्या रानातले रस्ते वाळतात, उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात आणि फुफाटा उडायला लागतो. मग गॅरेजात एकामागून एक तीच तक्रार येते: पिकअप गेला, अ‍ॅव्हरेज पडलं. साईड कव्हर काढून फिल्टर बाहेर घेतला की निम्म्या गाड्यांचं दुखणं हातातच असतं. तेव्हा गिऱ्हाईक हमखास विचारतं, "दादा, तो धुऊन वापरायचा फिल्टरच टाकू का? एकदाच काय तो खर्च." माझं उत्तर प्रत्येक गाडीला वेगळं असतं.

एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. फुफाट्यातून जाताना इंजिन तीच धुळीची हवा ओढतं. त्या धुळीतले वाळूचे बारीक कण बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, आणि पिस्टनच्या रिंगा घासतात. मग कॉम्प्रेशन जातं, ऑइल जळायला लागतं, गाडी धूर मारते आणि ब्लॉक-पिस्टनचा खर्च येतो. म्हणून फिल्टरचं पहिलं काम धूळ अडवणं. हवा किती मोकळी जाते हा त्यानंतरचा प्रश्न. जाहिराती मात्र त्या मोकळ्या हवेबद्दलच बोलतात.

बहुतेक गाड्यांना कंपनीतून पेपर फिल्टर येतो. त्यातही दोन जाती आहेत. एक कोरडा, तो हलक्या हाताने झटकून, आतून बाहेर कमी दाबाची हवा मारून एखाद-दोन वेळा साफ करता येतो. दुसरा तेल लावलेला. होंडाच्या शाइन, अ‍ॅक्टिव्हासारख्या गाड्यांत तो असतो, पिवळसर दिसतो, बोटाला चिकटतो. त्याला कंप्रेसरची हवा कधीच मारू देऊ नका. तेल उडून जातं, कागदाचे तंतू फाटतात, आणि वरून स्वच्छ दिसणारा फिल्टर धूळ सोडायला लागतो. तो बदलायचाच. मॅन्युअलमध्ये बऱ्याच गाड्यांना १५-१६ हजार किलोमीटर लिहिलेलं असतं. खडी क्रशरच्या किंवा वीटभट्टीच्या रस्त्याने रोज जाणाऱ्याने निम्म्यावरच बदलावा.

धुऊन वापरायचा म्हणजे कॉटनचा. जाळीच्या दोन थरांमध्ये कापसाच्या कापडाचे पदर आणि त्यावर तेल. चांगल्या कंपनीचा असेल तर वर्षानुवर्षं टिकतो, यात शंका नाही. पण हिशेब मांडा. समजा पेपर फिल्टर २५० रुपयांचा आणि तुम्ही तो १२ हजार किलोमीटरला बदलता. कॉटनचा चार हजारांना धरला तर त्या पैशात १६ पेपर फिल्टर येतात, म्हणजे जवळजवळ दोन लाख किलोमीटर. वर धुण्याचं औषध आणि तेल वेगळं. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर रोज कामाला जाणाऱ्याला पैसे वाचतील म्हणून हा फिल्टर घ्या, असं मी सांगत नाही. सस्पेन्शन, टायर, सगळं मनापासून सांभाळणारा, मोठ्या गाडीवर लांब फिरणारा माणूस असेल आणि धुण्याचं काम स्वतः करणार असेल, तर जरूर घ्यावा.

ते काम असं. फिल्टरला त्याचंच औषध लावून दहा मिनिटं ठेवा. वाळू देऊ नका. नळाच्या मंद धारेने आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूने बाहेर पाणी सोडा, घाण आली तशी परत जाते. सावलीत वाळवा, हवा मारू नका, उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक घडीवर तेलाची बारीक रेघ ओढा, वीस मिनिटं थांबा, पांढरा डाग राहिला असेल तिथेच थोडं अजून द्या. तेल ठिबकेपर्यंत लावलं तर ते थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत, जाऊन बसतं. आणि तेल न लावता बसवलेला कॉटन फिल्टर धूळ नीट गाळत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

फोम फिल्टर जुन्या गाड्यांत आणि मातीत पळवायच्या गाड्यांत असतो. रॉकेलने किंवा साबणाच्या पाण्याने दाबून धुवा, पिळू नका. पेट्रोल वापरू नका. आगीची भीती आहेच, जोडाचा डिंकही सुटतो. वाळल्यावर फोम ऑइल लावून जादा तेल दाबून काढा. बोटाने चोळल्यावर भुगा पडत असेल तर तो फोम फेकून द्या, ते तुकडे सरळ इंजिनात जातात.

कोणताही फिल्टर घेतलात तरी एक तपासणी कराच. फिल्टर काढा आणि त्याच्या पलीकडच्या बाजूला, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत, स्वच्छ पांढऱ्या फडक्याने बोट फिरवा. फडक्यावर माती आली तर धूळ कडेने आत जाते आहे. रबरी कड चेपली असेल, झाकणाचा एखादा स्क्रू नसेल किंवा डुप्लिकेट फिल्टर एखादा मिलिमीटर लहान असेल. स्वस्तातल्या फिल्टरांत हे फार दिसतं. असा धुवायचा फिल्टर घेण्यापेक्षा कंपनीचा साधा पेपर कितीतरी चांगला.

फिल्टरचा डबा काढून इंजिनाला सरळ उघडा कोन फिल्टर लावायला मात्र मी स्पष्ट नकार देतो. पावसाचं पाणी आत जातं, आवाज वाढतो, आणि कार्बोरेटरचं जेटिंग, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रांचं माप, न बदलता गाडी नीट चालत नाही.

कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर चोक झाला की प्लगवर काळी काजळी धरते आणि अ‍ॅव्हरेज लवकर पडतं. फ्युएल इंजेक्शनची गाडी पेट्रोल स्वतःच कमी करते, त्यामुळे अ‍ॅव्हरेजवरून फारसं कळत नाही, चढाला फक्त दम कमी पडतो. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या जवळजवळ सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्याच, म्हणून त्यांच्या मालकांनी किलोमीटर पाहूनच फिल्टर उघडावा. वॉरंटी चालू असेल तर बाहेरचा फिल्टर टाकण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

लडाख-स्पीतीला निघालेल्यांना मी पेपर फिल्टरच सुचवतो, सोबत एक जादा. पाकिटात सपाट बसतो, रस्त्याकडेला पाच मिनिटांत बदलून होतो. स्पीतीतल्या काझाच्या थंडीत कॉटनचा फिल्टर धुतलात तर तो वाळेपर्यंत मुक्काम वाढवावा लागेल. फोमवाल्यांनी तेल लावलेला जादा फोम प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्यावा.

नवा फिल्टर बसवला की डब्याच्या झाकणावर आतून मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी गाडी दुसऱ्याच मेकॅनिककडे गेली, तरी त्याला झाकण उघडल्याबरोबर कळेल.